मोजणी कोणासाठी? : ग्रामीण आरोग्यकार्यातील संशोधन व मूल्यमापन

वार्षिक अहवालासोबत जमाखर्चाचे पत्रक हितचिंतकांच्या हाती पडले, की एका खर्चशीर्षाविषयी हमखास विचारणा होते. शस्त्रक्रियागृह, औषधे, रुग्णवाहिका, परिचारिकांचे वेतन यांविषयी कोणी शंका घेत नाही. ‘सर्वेक्षण व मूल्यमापन’ या शीर्षाजवळ मात्र अनेकांचे बोट थांबते. एका ज्येष्ठ देणगीदारांनी तर भेटीत स्पष्टच विचारले, की कागद भरण्यासाठी माणसे नेमण्यापेक्षा त्याच पैशात दोन खाटा का वाढवू नयेत? प्रश्न रास्त आहे. धर्मादाय संस्थेकडे आलेला पैसा हा लोकांचा विश्वास असतो आणि ज्या गावात साधा ताप उतरवायला गोळी मिळत नाही, त्या गावात आमचा कार्यकर्ता तक्ते घेऊन घरोघर फिरताना दिसला, तर पाहणाऱ्याला ते विसंगत वाटणारच. या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींच्या पत्राने देण्यासारखे नाही, म्हणून या अहवालात थोडी जागा घेऊन आमची भूमिका मांडत आहोत.

अंश आणि छेद

रुग्णालयात बसून जे दिसते, ते गावाचे आरोग्य नव्हे. ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे आजारपण असते. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो, त्या भाषेत सांगायचे तर रुग्णालयाला अंश ठाऊक असतो, छेद ठाऊक नसतो. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत न्यूमोनियाची मुले गतवर्षीपेक्षा अधिक आढळली, याचा अर्थ आजार वाढला असाही होतो आणि लोकांचा विश्वास वाढला असाही होतो. दोन्ही अर्थ परस्परांच्या अगदी उलट आहेत आणि नोंदवही त्यांतला खरा कोणता हे कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी गावात किती मुले आहेत, त्यांपैकी किती आजारी पडली, किती कोठेच गेली नाहीत आणि किती दगावली, हे गावात जाऊनच पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यात हा छेद फार मोठा आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग घेऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे त्याचे आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक नोंदली गेली. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. कोरडवाहू शेती, पावसाची लहर आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे, हे येथील जीवनाचे चक्र आहे. या चक्रात स्त्रीचे दुखणे सर्वांत शेवटी विचारात घेतले जाते. पुष्कळदा घेतलेच जात नाही.

ते न घेतल्यास काय दडून राहते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचे, परंतु आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला वळण लावणारे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. स्त्रियांच्या आजारांविषयी वैद्यकीय ग्रंथांत जे आकडे होते, ते रुग्णालयात आलेल्या स्त्रियांवरून काढलेले होते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजन व बाळंतपण यांपलीकडे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार न करणाऱ्या जगभरच्या धोरणकर्त्यांना या दोन गावांच्या आकड्यांनी विचार करावयास लावले. एखाद्या रुग्णालयाने कितीही खाटा वाढवल्या असत्या, तरी न आलेल्या स्त्रिया त्याला दिसल्या नसत्या.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्हा रुग्णालय चालविणाऱ्यांना अधिक अस्वस्थ करणारी आहे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याचे प्रमाण अवाजवी असल्याची चर्चा दीर्घकाळ होती. चर्चेला उत्तर देणे सोपे असते. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे पावणेचौदा हजार स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे सहा स्त्रियांमागे एक. प्रत्येक शस्त्रक्रिया त्या त्या रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘यशस्वी’ म्हणूनच नोंदली गेली असणार. नोंदवह्या वेगवेगळ्या असेतोवर प्रश्न दिसत नव्हता. गावे मोजली गेली तेव्हा दिसला. गडचिरोलीत उपचार न पोहोचल्याचे मोजणीने उघड झाले, बीडमध्ये नको तो उपचार पोहोचल्याचे. आमच्याही शस्त्रक्रियागृहातील कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वयाच्या स्त्रीवर व कोणत्या कारणाने झाली, याचा आढावा बाहेरच्या तज्ज्ञाकडून घ्यावा, असा आग्रह आम्ही धरतो तो यामुळेच.

शेजारचे पाचोड

संशोधन म्हटले, की मोठे विद्यापीठ आणि परदेशी पदव्या यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. अंबडहून पैठण तालुक्याच्या दिशेने निघाल्यास पाचोड लागते. बीडच्या महामार्गावरील हे बाजाराचे गाव पूर्वीच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असले, तरी तेथील माणसे, पिके व सोयरीकसंबंध आपल्या जिल्ह्याशी एकजीव आहेत. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था डॉ. अशोक द्यालचंद यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे गावपातळीवर आरोग्याचे काम व संशोधन करीत आली आहे.

मुलींचे लग्न लवकर होते, हे सांगण्यासाठी सर्वेक्षण लागत नाही. प्रत्येक गावातील प्रत्येक माणसाला ते ठाऊक असते. कोवळ्या वयातील बाळंतपण, कमी वजनाचे मूल, आईचा रक्तक्षय, हे सारे आमच्या प्रसूतिकक्षात रोज दिसते. कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ केले, भिंती घोषणांनी रंगल्या, तरी तिथी ठरल्या त्या ठरल्याच. पाचोडच्या संस्थेने घोषणेच्या आधी चौकशी केली. आईवडिलांना मुलीचे लग्न घाईने का करावेसे वाटते? शाळा सुटल्यावर मुलगी घरी रिकामी बसते, आईबाप रानात जातात, तिच्याविषयी कोणी काही बोलले तर काय, ही धास्ती असते. वय वाढले की हुंडाही वाढतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न वेगळाच. या उत्तरांत मुलीविषयी द्वेष नव्हता. भीती होती आणि भीतीला कायद्याचे कलम वाचून दाखवणे हे उत्तर होत नाही.

म्हणून आईवडिलांशी विचारविनिमय करून मुलींसाठी एक वर्षाचा जीवनकौशल्य वर्ग आखला गेला. विशेषतः शाळा सोडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या अविवाहित मुली समोर होत्या. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, मिळून सुमारे २२५ तासिका. शिकविणारी बाई गावातलीच, जुजबी शिक्षण झालेली. विषयही साधे होते: शरीराची ओळख, आहार, बालसंगोपन, ग्रामपंचायत कशी चालते, बँक व पोस्ट यांचे व्यवहार. मुलगी रोज ठरावीक वेळी गावातील ओळखीच्या बाईकडे जाते, काही शिकते, घरी येऊन बोलू लागते. बापाच्या धास्तीला एक सभ्य पर्याय मिळाला.

येथपर्यंतची हकीगत कोणत्याही चांगल्या उपक्रमाची आहे आणि अनेक संस्थांचे अहवाल येथेच संपतात. मुली आल्या, वर्ग झाले, समारोपाला पाहुणे आले, छायाचित्र निघाले. पाचोडला मात्र वर्ग सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवून ठेवली होती आणि जेथे वर्ग झाले नाहीत अशी तुलनेची गावेही पाहिली जात होती. १९९७ साली कार्यक्रमाच्या क्षेत्रात झालेल्या विवाहांपैकी ८०.७ टक्के विवाहांत वधू ११ ते १७ वर्षांची होती. २००१ मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर आले. विवाहाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संस्थेच्या साहाय्याने झालेल्या मूल्यमापनात असेही दिसले, की वर्ग पूर्ण करणाऱ्या मुलींच्या तुलनेत वर्ग न मिळालेल्या मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट होती.

चिकित्सक वाचक येथे विचारील, की ज्यांनी वर्षभर मुलीला वर्गात पाठवले, ते आईबाप मुळातच अधिक समजदार असतील. मग श्रेय वर्गाचे की घराचे? ही शंका अगदी योग्य आहे. वर्ग पूर्ण केलेल्या मुलींचीच तेवढी आकडेवारी छापणाऱ्या संस्थेने तिला उत्तर दिलेले नसते. संपूर्ण क्षेत्रातील सर्व विवाहांचे प्रमाण बदलले का, हे पाहिले तरच या शंकेचे निरसन होऊ लागते. ऐंशीवरून बासष्ट या आकड्याचे मोल यातच आहे. आणि बासष्ट टक्के म्हणजे अजूनही बहुसंख्य मुली अठराच्या आत बोहल्यावर चढत होत्या, हेही तोच आकडा लपवीत नाही. आम्हाला या अभ्यासाचा आदर वाटतो तो त्याने यश सिद्ध केले म्हणून आणि तितकाच, किती यश मिळाले नाही हे छापले म्हणून.

तुलनेची गावे

‘तुलनेचे गाव’ ही कल्पना सामान्य माणसाला खटकते. एका गावाला सेवा द्यायची आणि दुसऱ्याला नुसते मोजायचे, हा कोणता न्याय? या आक्षेपाचे उत्तर पुन्हा गडचिरोलीकडेच शोधावे लागते.

जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतील बालमृत्यू हा भारतातील बालमृत्यूंचा सर्वांत अवघड भाग. १९९० च्या दशकातील वैद्यकीय समज अशी, की आजारी नवजात बालकाला रुग्णालयातच न्यावे. गावाकडील वस्तुस्थिती अशी, की बाळंतीण व बाळ यांना घराबाहेर काढायचे नाही, वाहन नाही आणि रुग्णालय दूर. ‘सर्च’ने ३९ गावांत प्रत्येकी एका स्त्रीला शिकवून आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकल्यास पिशवी व मुखवट्याने श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे तिचे काम. अर्धशिक्षित ग्रामीण स्त्रीच्या हाती इंजेक्शन द्यायचे म्हणजे वैद्यकीय जगताला धाडसच वाटले. अशा वेळी ‘आमच्या गावात मुले वाचली’ असे नुसते म्हणून भागणार नव्हते. पाऊसपाणी चांगले झाले, रस्ता झाला, शासनाने लसीकरण वाढवले, अशी शंभर कारणे पुढे करता आली असती.

म्हणून त्याच भागातील आणखी ४७ गावांत जन्म व मृत्यू यांची तितकीच काटेकोर नोंद ठेवली गेली. या गावांची कोणतीही सेवा काढून घेतली नव्हती. शासकीय सेवा तेथे पूर्ववत चालू होत्या. आरंभी दोन्ही भागांत नवजात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, एका भागात हजारी ६२ आणि दुसऱ्यात ५८. कामाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत ते ५९.६ राहिले आणि आरोग्यदूतांच्या गावांत २५.५ पर्यंत उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता. २०११ साली केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज आमच्या परिसरातील आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जाऊन बाळाचे वजन घेतात, त्याचा उगम या मोजणीत आहे. ४७ गावे मोजली गेली नसती, तर ३९ गावांतील यश त्या ३९ गावांपुरतेच उरले असते.

आम्ही काय चुकलो

दुसऱ्यांच्या यशाविषयी लिहिताना आमच्या एका फसलेल्या कामाचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही किशोरवयीन मुली व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी रक्तवाढीच्या गोळ्यांचे वाटप हाती घेतले होते. शिबिरे भरली, वाटप झाले, अहवालात वाटलेल्या गोळ्यांचा आकडा मोठ्या अभिमानाने छापला. कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही, की गोळ्या पोटात गेल्या का?

पुढे एका गावात वेगळ्याच निमित्ताने गेलेल्या आमच्या परिचारिकेला एका घरी पाण्याच्या उतरंडीमागे गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी आढळली. मग तिने दोनचार घरी सहज विचारले. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते आणि त्यानंतर दिवसभर निंदणीला जायचे असते. शौचाचा रंग काळा होतो, त्याने बाया घाबरतात. गोळीने मूल अंगात फार वाढते व बाळंतपण अडते, अशीही समजूत एका सासूबाईंनी सांगितली. यांतले एकही कारण न सुटणारे नव्हते. रात्री जेवणानंतर गोळी घ्या, रंग काळा होणे स्वाभाविक आहे, इतके सांगितले असते तरी पुष्कळ फरक पडला असता. परंतु ते सांगायला आधी विचारायला हवे होते. आम्ही गोळ्या मोजल्या आणि हिमोग्लोबिन मोजले नाही. पहिली मोजणी आमच्या समाधानाची होती, दुसरी त्या मुलींच्या उपयोगाची.

तेव्हापासून कोणत्याही नव्या उपक्रमाच्या प्रस्तावात विश्वस्त मंडळापुढे एक प्रश्न लेखी मांडावा लागतो : हा उपक्रम अयशस्वी ठरला, तर ते आपल्याला कशावरून कळेल? याचे उत्तर नसेल तर प्रस्ताव परत जातो. वैद्यकीय सहकाऱ्यांना आरंभी हे जाचक वाटले. काहींना अजूनही वाटते.

आकडे कोणाच्या हाती

मात्र मोजणी काटेकोर असली म्हणजे गाव बळकट होतेच असे नाही. माहिती गावातून निघते, शहरात जाते, तेथे तिचा प्रबंध होतो, कोणाला पदवी मिळते आणि गावाला त्यातले काहीच कळत नाही. ‘मागच्या साली पण कागद लिहून नेले होते, त्याचं काय झालं?’ हा प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांना अनेक उंबऱ्यांवर ऐकावा लागला आहे आणि तो ऐकताना मान खाली घालावी लागली आहे.

आकड्याने दुर्बलांच्या हाती बळ येते, याची महाराष्ट्रात चांगली उदाहरणे आहेत. रोजगार हमी योजना मराठवाड्याला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली पिढी अजून आपल्यात आहे. पुढे शेतमजुरांचे किमान वेतन ठरविताना पागे समितीने दिवसाला चार रुपये हा दर सुचविला होता. कष्ट करणाऱ्या शरीराला व त्याच्या कुटुंबाला किती अन्न लागते, याचा हिशेब डॉ. अभय बंग यांनी तपासला, त्यातील चुका दाखविल्या आणि योग्य वेतन बारा रुपये व्हायला हवे हे मांडले. मजूर संघटनांनी तो हिशेब हाती घेतला आणि शासनाला वेतन वाढवावे लागले. मोर्चे त्याआधीही निघत होते. या वेळी मोर्चाच्या हाती हिशेब होता.

बालमृत्यूंचेही असेच. शासकीय नोंदींत बालमृत्यू थोडे दिसत आणि गावात थडगी अधिक. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांत, मिळून सव्वादोन लाखांवर लोकसंख्येत, जन्म व बालमृत्यू यांची स्वतः नोंद केली आणि ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ मध्ये निष्कर्ष लोकांपुढे ठेवले. कितीतरी मृत्यू नोंदलेच जात नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले. विधिमंडळात व वृत्तपत्रांत त्यावर वादळ उठले आणि शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. नोंद न झालेले मूल शासनाच्या लेखी जन्मलेलेच नसते, त्यामुळे त्याचा मृत्यूही कोणाच्या जबाबदारीत येत नाही.

२००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. आरंभीच्या पाच जिल्ह्यांत आताचे धाराशिव, म्हणजे मराठवाड्यातील एक जिल्हा होता. गावकऱ्यांनी उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, हिरवा, पिवळा वा लाल रंग भरून प्रगतिपत्रक तयार करायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी ती पद्धत. ज्यांना आजवर मोजले जात होते, ते आता मोजू लागले. धर्मादाय रुग्णालयांनी यातून स्वतःला वगळण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. ते सर्वांना रुचेलच असे नाही.

आपल्याच जालना तालुक्यातील कडवंचीचा दाखला आरोग्याच्या लेखात अवांतर वाटेल, पण तो द्यावासा वाटतो. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या मार्गदर्शनाने या गावाने १९९० च्या दशकात माथा ते पायथा काम केले. शिवारात पडणारे पाणी किती, अडते किती आणि कोणत्या पिकाला परवडते किती, याचा हिशेब गावाने अंगी बाणवला. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हा शेततळ्यांच्या आधारावर कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पाण्याचा ताळेबंद तज्ज्ञांच्या कपाटात राहिला असता तर ते शक्य नव्हते. शेतकऱ्याने तो स्वतः मांडला. ज्या घराला पाणी आहे त्या घरातली मुलगी कारखान्याच्या तळावर जात नाही आणि आमच्या प्रसूतिकक्षात सोळाव्या वर्षी येण्याची शक्यताही कमी होते. अवांतर म्हटले ते तेवढ्यापुरतेच.

आमच्या सर्वेक्षणाचा पहिला बदल म्हणून आता तक्ता छापण्यापूर्वी तो गावातील महिला बचत गट व ग्राम आरोग्य समिती यांच्यासमोर वाचला जातो. ‘तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?’ असे विचारल्यावर आम्ही न सुचलेले प्रश्न येतात. एका गावात स्त्रियांनी विचारले, की पिण्याच्या पाण्याला रोज किती वेळ जातो ते का लिहीत नाही? पुरुषांच्या दारूचा खर्च का विचारत नाही? दोन्ही प्रश्न तक्त्यात आले. निष्कर्ष निघाल्यावर ते प्रथम त्याच गावात, त्यांच्या बोलीत, भिंतीवर मोठ्या अक्षरांत मांडले जातात. कोणाचेही नाव वा घर ओळखू येणार नाही याची दक्षता घेऊन. स्त्रियांच्या गुप्त आजारांविषयीचे आकडे तर केवळ स्त्रियांच्या बैठकीत सांगितले जातात. चावडीवर सर्वच मांडायचे नसते. माहिती देण्यास नकार देणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयाच्या कोणत्याही सवलतीत उणेअधिक केले जात नाही, हे कार्यकर्त्याने आरंभीच सांगायचे असते.

या रीतीने काम करण्यास वेळ अधिक लागतो व खर्चही. शिवाय काही अडचणींवर अद्याप आमच्याकडे पूर्ण उपाय नाही. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर हिवाळ्यात गेल्यास दारांना कुलपे दिसतात. उचल घेतलेली जोडपी मुकादमाबरोबर टोळीने कारखान्यावर गेलेली असतात. घरी उरतात म्हातारी माणसे आणि शाळेपायी मागे ठेवलेली लेकरे. आरंभी आम्ही नेमके याच महिन्यांत, हवा बरी म्हणून, पाहणी करीत असू. कुलूपबंद घरे ‘अनुपलब्ध’ म्हणून गाळली जात आणि ज्यांच्या आरोग्याची सर्वाधिक दैना होते, तीच कुटुंबे आमच्या छेदातून नाहीशी होत. आता प्रत्येक गावाची पाहणी वर्षातून दोनदा होईल : एकदा अक्षय्य तृतीयेनंतर टोळ्या परतल्यावर आणि दुसऱ्यांदा दिवाळीपूर्वी, त्या निघण्याच्या आधी. दुसऱ्या फेरीत गरोदर स्त्रियांची व पाच वर्षांखालील मुलांची यादी करून लसीकरणाचे कार्ड व तपासणीचा कागद त्यांच्यासोबत देण्यात येईल, जेणेकरून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात त्यांना नव्याने सांगत बसावे लागू नये. या दुसऱ्या फेरीसाठी लागणारी रक्कम यंदाच्या जमाखर्चात ‘सर्वेक्षण व मूल्यमापन’ या शीर्षाखालीच दाखविली आहे.